एक नदी, दोन उत्तरं: वसई खाडीच्या लोखंडी रेल्वेपुलाचं प्रकरण

उल्हास नदी ठाण्याच्या ईशान्येला येऊन दुभंगते. मोठा प्रवाह घोडबंदरच्या बाजूने पश्चिमेला वळतो आणि वसईच्या खाडीने समुद्राला मिळतो. लहान फाटा ठाणे आणि कळव्याच्या मधून दक्षिणेला उतरतो, तीच आपली ठाणे खाडी. या दोन पाण्यांमध्ये सापडलेली जमीन म्हणजे साष्टी. त्यामुळे मुंबईतून रेल्वे बाहेर काढायची तर यातलं एक पाणी ओलांडावंच लागतं. कल्याणकडे जायचं असेल तर ठाण्याचं, गुजरातकडे जायचं असेल तर वसईचं.

ठाण्याचं पाणी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जीआयपीने, १८५४ साली ओलांडलं. वसईचं पाणी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने, म्हणजे बीबीसीआयने, १८६४ साली. मधलं अंतर दहा वर्षांचं. नदी एकच, समुद्र एकच, चिखल बहुतेक तसाच, आणि तरीही एका कंपनीने दगडी कमानी उभ्या केल्या, दुसरीने लोखंडी खांब. स्थापत्य पदविकेच्या मुलांना पुलांचा पाया शिकवताना मी हेच प्रकरण घेतो. निर्णय कसा होतो आणि त्या निर्णयाचं बिल कोण, किती वर्षांनी भरतं, हे एवढं स्पष्ट दिसणारं दुसरं उदाहरण ठाणे जिल्ह्यात तरी मला माहीत नाही.

ठाण्याचं उत्तर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, हे ठाणेकराला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. १ मे १८५४ रोजी तीच रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला पोचली, ते मात्र कोणी सांगत नाही. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर मोठं काम हे दुसरं. ठाण्यापर्यंतचा मार्ग बराचसा सपाटीचा होता. ठाण्याच्या पुढे खाडी आली, आणि खाडी संपते न संपते तोच पारसिकचा डोंगर.

जीआयपीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी खाडीवर दोन पूल घातले, एक १११ यार्डांचा, दुसरा १९३ यार्डांचा. मध्ये टेकायला जमीन होती म्हणून दोन. काम दगडी कमानींचं. साष्टीत काळा पाषाण मुबलक, पाथरवट आणि गवंडी हाताशी, चुन्याची भट्टी कुठेही लावता येते. पण सगळा पूल दगडी करता आला नाही. कल्याण-भिवंडीकडे जाणारी गलबतं याच पाण्यातून ये-जा करत, आणि डोलकाठी उभी असलेलं गलबत कमानीखालून जात नाही. म्हणून एका ठिकाणी ८४ फुटांचा लोखंडी गाळा, म्हणजे दोन खांबांमधला मोकळा भाग, ठेवला. म्हणजे दगडाचा पुरस्कार करणाऱ्यालाही जिथे दगडाची मजल संपली तिथे लोखंडच घ्यावं लागलं. हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा. ‘दगड की लोखंड’ हा वाद त्या काळी तत्त्वाचा नव्हता. तो गाळ्याच्या रुंदीचा, तळाच्या जमिनीचा आणि हाताशी असलेल्या माणसांचा हिशोब होता.

दुसऱ्या कंपनीपुढची परिस्थिती

बीबीसीआयची स्थापना १८५५ ची. तिचा मूळ करार सुरत, बडोदा, अहमदाबाद या पट्ट्यापुरता होता आणि मुंबईपर्यंत खाली येण्याची परवानगी नंतर मिळाली. त्यामुळे ही रेल्वे मधूनच सुरू झाली. १० फेब्रुवारी १८६० रोजी तिचा पहिला तुकडा चालू झाला तो अंकलेश्वर ते उत्राण. मुंबईशी संबंध शून्य. रूळ, इंजिनं, गर्डर (पुलाच्या लोखंडी तुळया), सगळं जहाजाने यायचं. सुएझचा कालवा खुला व्हायला अजून नऊ वर्षं होती, म्हणजे इंग्लंडहून निघालेलं लोखंड आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने प्रवास करायचं.

आणि घाई होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो कापूस मुंबई बंदरात आणणारी रेल्वे जितकी लवकर होईल तितके पैसे. मुंबईत मजुरी वाढली, जमिनीचे भाव वाढले, कंपन्यांचे शेअर डोक्यावर नाचू लागले. या गडबडीत बीबीसीआयपुढे वसईची खाडी पसरलेली होती.

ही खाडी ठाण्याच्या खाडीसारखी नाही. भाईंदरच्या काठावरून निघालं की पाणजू बेटापर्यंत सुमारे ४,३०० फूट पाणी. बेट ओलांडलं की नायगावच्या काठापर्यंत आणखी साधारण १,५५० फूट. दोन्ही मिळून पावणेदोन किलोमीटरहून जास्त. ठाण्याच्या दोन्ही पुलांच्या एकत्र लांबीच्या ही सहापट भरते. तळ गाळाचा. उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं आणि सुकतीला तितकंच उतरतं. दिवसातून दोनदा प्रवाहाची दिशा उलटी होते. पावसाळ्यात वरून उल्हासचं गढूळ पाणी येतं ते वेगळंच.

तीन वाटा

पहिली वाट बर्कलींची, दगडी कमानी. गाळात दगडी खांब उभा करायचा तर आधी भोवती बांध घालून आतलं पाणी उपसायचं, मग घट्ट थरापर्यंत खणायचं, मग बांधकाम. एका खांबाला एक मोसम सहज जातो आणि इथे खांब डझनावारी. शिवाय दगडी कमान वजनदार. एक खांब चार इंच खचला तरी शेजारच्या दोन्ही कमानी फुटतात. आणि दगड म्हणजे भरवसा, असंही नव्हतं. बोरघाटात जीआयपीचाच एक दगडी पूल १८६७ च्या जुलैत अख्खाच्या अख्खा कोसळला. बांधकाम निकृष्ट होतं. म्हणजे दगडी काम टिकतं ते गवंड्यावर आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्यावर, दगडावर नाही.

दुसरी वाट मोठ्या गाळ्यांची. विटांच्या विहिरी, म्हणजे पोकळ गोल पाये, गाळात उतरवायच्या, त्यांवर मोठे लोखंडी गर्डर टाकायचे. विहिरीचा पाया आपल्याकडे जुना, कारागिरांच्या हातातला. बिहारमध्ये शोण नदीवर कोईलवारचा पूल १८६२ साली याच पद्धतीने पुरा झाला, दीडशे दीडशे फुटांच्या गाळ्यांचा. पण असा एकेक गर्डर त्या जागेसाठी वेगळा आखावा लागतो, आणि तो उचलून बसवणं हे मोठं जोखमीचं काम. विहिरी उतरायला वेळ लागतो. कधी तिरक्या होतात, कधी मध्येच अडकतात.

तिसरी वाट बीबीसीआयचे सल्लागार अभियंता कर्नल जॉन पिट केनेडी यांची. गृहस्थ मूळचे आयर्लंडचे, लष्करातले. रेल्वेच्या आधी शिमल्याच्या बाजूचा हिंदुस्थान-तिबेट रस्ता त्यांच्या देखरेखीखाली सुरू झालेला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. या मार्गावर नद्या अनेक आहेत. नर्मदा, तापी, वैतरणा, वसई. प्रत्येक नदीला नवा पूल आखत बसण्याऐवजी एकच गाळा ठरवा, ६० फुटांचा. एकाच मापाचे त्रिकोणी पट्ट्यांचे गर्डर, एकाच मापाचे खांब. नदी रुंद असेल तर गाळे जास्त, अरुंद असेल तर कमी. सगळे भाग इंग्लंडात साच्यातून काढा, जहाजात भरा, इथे उतरवून बोल्टने जोडा. एक तुकडा वाटेत बुडाला तर दुसऱ्या पुलाचा उचलून इथे लावता येतो. टोळीने एक गाळा बसवला की दुसरा त्याच हाताने, कमी वेळात बसतो.

केनेडींची वाट स्वीकारली गेली. वसईच्या दक्षिणेकडच्या पुलाला जवळपास सत्तर गाळे लागले, उत्तरेकडच्याला पंचविसाच्या आसपास.

खांब पिळून बसवण्याची रीत

या प्रकरणातला माझ्या आवडीचा भाग हा. खांब म्हणजे बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पोकळ नळा, साधारण अडीच फूट व्यासाचा. एकावर एक तुकडे, कडांना बोल्ट. सगळ्यात खालच्या तुकड्याला बाहेरून रुंद पातं, मळसूत्रासारखं फिरलेलं. सुताराचं गिरमिट लाकडात शिरतं तसा हा खांब गोल फिरवला की गाळात उतरत जातो. खणायचं नाही, पाणी उपसायचं नाही, घणाने ठोकायचंही नाही. पुरेसा खाली गेला की पात्याचा रुंद पसारा गाळावर टेकतो आणि वरचं वजन पसरून घेतो.

ही युक्ती अलेक्झांडर मिचेल नावाच्या बेलफास्टच्या माणसाची. तिचं पेटंट १८३३ चं. मिचेल तरुणपणीच पूर्ण आंधळे झाले होते. समुद्रातल्या वाळूच्या दांड्यांवर दीपस्तंभ उभे राहत नसत, त्यावर त्यांनी हा उपाय काढला. टेम्सच्या मुखाजवळच्या मॅप्लिनच्या वाळूवर त्यांचे खांब टिकले तेव्हा लोकांचा विश्वास बसला. म्हणजे वसईला येण्यापूर्वी ही रीत खाऱ्या पाण्यात, भरती-ओहोटीत आणि मऊ तळावर तपासून झालेली होती. केनेडींनी ती आंधळेपणाने उचलली नाही.

खांब फिरवायचा कसा? नळ्याच्या माथ्यावर आडवे लांब दांडे बसवायचे आणि त्यांना बैल जुंपायचे. बीबीसीआयच्या कामावर हीच रीत होती. पाण्याच्या मधोमध मचाण, त्यावर गोल फिरणारे बैल, खाली ओहोटीचं पाणी ओसरतंय आणि नळा फेऱ्याफेऱ्याने गाळात शिरतोय. वर्गात हे सांगितलं की मुलांना आधी खरं वाटत नाही. इंग्लंडच्या कारखान्यात ओतलेलं बीड, आयरिश माणसाचं पेटंट आणि ते फिरवायला बैल. पण हिशोब बरोबर होता. वाफेचं यंत्र मचाणावर चढवायचं, त्याला कोळसा आणि मिस्त्री पुरवायचा, त्यापेक्षा बैल स्वस्त.

दुसरा रूळमार्ग पुढे कधी घालायचा झाला तर शेजारी आणखी खांब पिळता येतात, हाही या पद्धतीचा फायदा होता. दगडी पुलाला अशी जोड देणं अवघड.

निर्णयाने काय दिलं

वेळ दिला. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी गुजरातकडून आलेली रेल्वे ग्रँट रोडला पोचली. नर्मदा, तापी, वैतरणा, वसई, एवढं सगळं पाणी चार-पाच वर्षांत मागे टाकून. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. आज विरार लोकल म्हणून जिच्या नावाने माणूस कपाळाला हात लावतो, तिचं मूळ हे. विहिरी उतरवत बसले असते तर ही तारीख बरीच पुढे गेली असती.

एका मुलाने वर्गात विचारलं होतं, “सर, मग केनेडी बरोबर की चूक?” मी म्हटलं, “अरे, कुठल्या नदीवर ते सांग, मग बोलू.” टाळाटाळ म्हणून नाही. माझं मत खरोखरच तसं आहे. केनेडींचा दोष लोखंड निवडण्यात नव्हता. दोष होता तो सगळ्या नद्या एकाच मापाने मोजण्यात.

नर्मदेचं पाहा. तिथेही हेच साठ फुटी गाळे, हेच पिळलेले खांब. पण नर्मदा पुराची नदी. पुरात तळाची वाळू खरवडून निघते, मोठमोठे ओंडके वाहत येतात आणि दर साठ फुटांवर एक बारीक खांब म्हणजे ते अडकायला जागाच जागा. पुरांनी तो पूल पुन्हा पुन्हा तोडला. शेवटी कंपनीने तिथे नवा मजबूत पूल बांधला. १८८१ साली खुला झालेला तो पूल भरूचचा गोल्डन ब्रिज. त्याच्या नावातलं सोनं कशावरून आलं याच्या कथा तिकडे बऱ्याच सांगतात. पुलाला पंचेचाळीस लाखांवर खर्च आला, एवढं सांगितलं तरी नाव पटतं.

वसईला पुराचा तो मार नव्हता. इथे पिळलेला खांब हा खरं तर योग्य पाया होता. मऊ तळ, रुंद पात्र, दोन्ही दिशांनी येणारा पण बेताचा प्रवाह. इथे घात झाला तो खाऱ्या पाण्यात.

मीठ काय करतं

लोखंड समुद्राच्या पाण्यात पूर्ण बुडलेलं असेल तर तितकं भराभर जात नाही. पूर्ण कोरडं असेल तर रंगाने सांभाळता येतं. सगळ्यात वाईट जागा मधली, जिथे भरतीला पाणी चढतं, ओहोटीला उतरतं आणि लाटेचा तुषार उडत राहतो. तिथे लोखंडाला मीठही मिळतं आणि हवाही. वसईच्या खांबांचा चार-पाच मीटरचा पट्टा नेमका या जागेत होता. आणि खांबांना एकमेकांशी बांधणारे तिरके लोखंडी पट्टेही तिथेच. ते पट्टे बारीक, त्यांचे बोल्ट त्याहून बारीक. आधी बोल्ट जातात, मग पट्टे सैल होतात, मग गाडी आली की खांब डोलायला लागतात.

बिडाचं दुखणं अजून फसवं. खाऱ्या पाण्यात बिडातलं लोखंड विरघळून जातं आणि कार्बनचा सांगाडा मागे राहतो. आकार तोच, जाडी तीच, वरून रंगही काळसर तोच. पण खिशातला चाकू टोचला तर आत शिरतो. नुसत्या नजरेने पाहणाऱ्या तपासनिसाला हा खांब ठणठणीत वाटतो. शिवाय भरतीच्या पट्ट्यात खांबांवर कालवं चढतात, थरावर थर. ती खरवडल्याशिवाय खालचं बीड दिसतच नाही. गाळात पुरलेला भाग तरी सुरक्षित म्हणावा, तर हवा नसलेल्या काळ्या चिखलात गंधकाच्या क्षारांवर जगणारे जीवाणू असतात, आणि तेही बिडाची अशीच माती करतात.

वरच्या गर्डरचं दुखणं निराळं पण पकडायला सोपं. रिव्हेट, म्हणजे गर्डरचे भाग जोडणारा डोकेदार खिळा, सैल झाला की त्याच्या डोक्याभोवती तांबूस ओघळ दिसतो. तपासणीवाला एका बाजूला बोट टेकवतो आणि दुसऱ्या बाजूने छोट्या हातोडीने टोला देतो. घट्ट रिव्हेट असेल तर बोटाला काही जाणवत नाही, सैल असेल तर झटका बसतो. रेल्वेच्या पुलांवर ही रीत आजही चालते. हजारो रिव्हेट आणि प्रत्येकाला एक टोला. इतकं कंटाळवाणं काम दुसरं नसेल, आणि गाड्या सुरक्षित चालतात त्या अशाच कंटाळवाण्या कामावर.

मिठाच्या जोडीला वजन वाढत गेलं. १८६० च्या दशकातली इंजिनं हलकी होती. १९२० च्या दशकात भारतीय रेल्वेसाठी जी प्रमाण इंजिनं आखली गेली, त्यांतल्या ‘एक्सबी’ जातीच्या इंजिनाच्या एका आसावर सुमारे १७ टन यायचे. साठ वर्षं खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या बिडाच्या नळ्यांवर हे घालायचं म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणं. त्याच दशकात वसईच्या खाडीवर पोलादी गर्डरचा नवा पूल झाला. १९३६ साली विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या त्या या दुसऱ्या पुलावरून.

क्रमांक तोच, पूल वेगळा

भाईंदर-नायगावच्या जुन्या लोखंडी पुलाबद्दल बोलताना लोक सरसकट १८६४ साल ठोकून देतात. तसं नाही. आपल्या आठवणीतला जुना लोखंडी पूल हा दुसरा. १८६४ चा पहिला त्याच्याआधीच गेला. आज गाड्या जातात ते प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे (आत ताणलेल्या तारा असलेल्या काँक्रीटचे), म्हणजे पुढच्या पिढीचे. रेल्वेच्या दफ्तरात दक्षिणेकडचा पूल ७३ आणि उत्तरेकडचा ७५. मधला ७४ कुठे गेला, असं मुलं हमखास विचारतात. रेल्वे छोट्या मोऱ्यांनाही ओळीने क्रमांक देत जाते, एवढं सांगून मी पुढे सरकतो.

काँक्रीट आलं म्हणजे मिठाचं दुखणं संपलं, असं समजू नये. वाशीचा १९७० च्या दशकातला पहिला खाडीपूल आठवा. आतल्या ताणलेल्या तारा गंजू लागल्या आणि १९९७ साली शेजारी दुसरा पूल खुला करावा लागला. त्याच वसई खाडीवर, घोडबंदरजवळच्या महामार्गाच्या वर्सोवा पुलाच्या गर्डरला तडा गेला आणि २०१३ च्या अखेरीपासून अवजड वाहनांना बंदी आली. घोडबंदर रोडवर त्या काळात तासन्‌तास अडकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन्ही पूल पन्नाशीच्या आतच आजारी पडले. साठीपर्यंत गेलेले केनेडींचे बिडाचे नळे या हिशोबात काही वाईट दिसत नाहीत. काँक्रीटच्या आतली तार गंजते तेव्हा तांबूस ओघळ बाहेर यायला फार उशीर झालेला असतो. लोखंडी पूल निदान आपलं दुखणं चारचौघांत दाखवतो.

दगडाचंही तेच. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह माणसं वाहून गेली. त्यानंतर ठाण्यातही जुन्या पुलांकडे बघण्याची नजर बदलली आणि कळव्याचा जुना दगडी रस्तापूल वाहतुकीला पूर्ण बंद झाला. इतकी वर्षं उभा आहे म्हणजे भक्कम आहे, हा आपला समज त्या रात्री मोडला.

पाणजूची बाजू

या प्रकरणात आणखी एक पक्ष आहे आणि तो कंपनीच्या कागदांत सहसा दिसत नाही. पाणजू बेट. दोन्ही पूल याच बेटावर टेकतात. गाड्या घरांच्या जवळून धडधडत जातात, पण बेटावर स्टेशन नाही. गावकऱ्यांचा खरा रस्ता म्हणजे होडी, नायगावच्या बाजूला. भरती-ओहोटी सांभाळून, पावसाळ्यात जीव मुठीत धरून. होडी नसेल तेव्हा लोक पुलाच्या कडेने चालत जातात. नियमात बसत नाही, धोका आहे, सगळं मान्य. पण रात्री आजारी माणूस घरात असेल तर नियमपुस्तक उघडायला कोण थांबतं?

त्यात गाडीतल्या भाविकांची भर. खाडी आली की खिडकीतून, दारातून निर्माल्य आणि नारळ पाण्यात टाकायचे. धावत्या गाडीतून सुटलेला नारळ पाण्यात पडेलच असं नाही. कडेने चालणाऱ्या माणसाला तो लागून गंभीर दुखापती झाल्या आहेत, जीवही गेला आहे. खाडीला नमस्कार हात जोडूनही पोचतो.

गाड्या नव्या पुलावर गेल्या तेव्हा जुन्या लोखंडी पुलाचं काय करायचं, हा प्रश्न आला. हलक्या वाहनांना किंवा निदान पायी चालणाऱ्यांना तो द्या, अशी मागणी दोन्ही काठांवरून होत राहिली. भाईंदर ते नायगाव गाडीने एकच स्टेशन, पण रस्त्याने जायचं तर काशीमिरा, वर्सोवा पूल, महामार्ग असा मोठा वळसा. मागणी रास्त होती. तरी इंजिनिअर म्हणून मला ती पटत नाही. रेल्वेचा गर्डर मधून मोकळा असतो, त्यावर रस्ता करायचा तर फळी किंवा स्लॅब घालावी लागते, कठडे लावावे लागतात, आणि मग त्याच गंजलेल्या खांबांची देखभाल वर्षानुवर्षं कोणीतरी करावी लागते. त्या कोणीतरीचं नाव मागणीच्या एकाही निवेदनात मला दिसलेलं नाही. देखभालीचा धनी ठरलेला नसलेला पूल लोकांना चालायला देणं म्हणजे पुढच्या अपघाताची तारीख ठरवायची बाकी ठेवणं. पाणजूला आणि नायगावला हवाय तो स्वतःचा रस्तापूल, आणि त्याची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे, बरीच वर्षं आहे.

रेती

केनेडींच्या वेळी तळ नैसर्गिक होता. आता तसा राहिलेला नाही. मुंब्र्यापासून वसईपर्यंत उल्हासच्या खाडीपट्ट्यात रेतीचा उपसा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आधी हातपाटीने. माणूस पाण्यात बुडी मारून पाटीभर रेती वर आणायचा, आणि एका माणसाच्या दमाला मर्यादा असते. मग सक्शन पंप आले आणि मर्यादा संपली. रेल्वेपुलांच्या जवळ उपशाला बंदी आहे. तरीही अंधारात पंप चालतात, आणि महसूल खात्याच्या धाडींच्या बातम्या आपण वाचतो.

पुलाच्या खांबाला वरून येणाऱ्या गाडीच्या वजनाइतकंच महत्त्व त्याच्याभोवतीच्या तळाला. चारी बाजूंनी रेती खाली गेली की तेवढीच पकड कमी होते, मग खांब बिडाचा असो, पोलादाचा असो की काँक्रीटचा. पंपाने केलेला खड्डा केला तिथेच राहत नाही. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर तो सरकतो, पसरतो आणि दोन-तीन मोसमांत खांबापर्यंत येऊन पोचू शकतो. म्हणून पुलापासून ठरावीक अंतराबाहेर उपसा केला तर काही होत नाही, हा युक्तिवाद मला पोकळ वाटतो.

रेल्वेचे पूल विभाग खांबांपाशी तळाची खोली मोजून पूलनोंदवहीत लिहितात. जुन्या पुलाचं काय जतन करावं, असं मला विचारलं तर मी गर्डरचा तुकडा बागेत उभा करा असं म्हणणार नाही. वसईच्या खाडीतल्या दोन्ही पुलांच्या खांबांपाशी तळ कुठल्या वर्षी किती खोल होता, ते आकडे जुन्या वह्यांतून काढून एकत्र मांडावेत. आणि खाडीच्या कुठल्याही भागातल्या उपशाचा परवाना देण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालय आणि मेरीटाईम बोर्ड या दोघांच्याही टेबलावर ते ठेवावेत, दरवर्षीच्या नव्या मोजणीसह.